पिंकीच्या वाट्याला आलेली बाजू

प्रिय कृष्णादादा,

फोन करायचा सोडून ही कागद का काळे करतेय, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. माझं वाक्य अर्ध्यावर असतं आणि तुझं उत्तर तयार असतं. आणि दुसरं म्हणजे मला आता मोबाइलवर काही लिहायची धास्तीच बसलीय. एकाला पाठवावं आणि ते कुठे कुठे फिरून यावं! म्हणून हे पत्र व्हिन्सेंट सरांच्या हाती देतेय. ते उद्या कामणलाच येणार आहेत, तुझ्या गोदामाजवळून जातील. मी स्वतः आले असते, पण पिंकीला घरात एकटी टाकून निघायला जीव होत नाही. सरांना चहा पाज, आणि कृपा कर, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस.

तुझी भाची जेवत नाहीये. ताटावर बसते, भात चिवडते आणि उठते. काल उकडीचे मोदक केले, एकालाही हात लावला नाही. कॉलेजला जायचं तर मंडपासमोरून जावं लागतं, आणि ती दिसली की तिथली पोरं एकदम गप्प होतात म्हणे. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी खाली उतरून दोन ठेवून दिल्या असत्या. गप्प बसणाऱ्यांना काय करू?

तिने तुला अर्धंच सांगितलंय, म्हणून पहिल्यापासून लिहिते. चंदनसारला राहायला आल्यापासून बघतेय, आमच्या सोसायटीच्या गणपतीत वादविवाद स्पर्धा असतेच. तिचा एक नियम आहे. बाजू आपण निवडायची नाही. बाप्पासमोर ताटात चिठ्ठ्या टाकायच्या आणि जी हाताला लागेल ती बाजू मांडायची. यंदा आमच्या अध्यक्षांना, त्या संग्रामभाऊंना, काहीतरी जोरदार हवं होतं. त्यांनीच विषय दिला, ‘देव आहे की नाही’. समोरच्या विंगमधला हर्षवर्धन सगळीकडे मी नास्तिक, मी नास्तिक करत फिरतो, त्याला चिठ्ठी आली ‘आहे’. आणि आमची पिंकी, जी परीक्षेला जाताना खालच्या मारुतीला सांगून जाते, तिला आली ‘नाही’. खरं सांगू, मला तेव्हा हसू आलं होतं रे. म्हटलं, बाप्पाला पण गंमत सुचते. ती रडकुंडीला आली आणि तिने तुला फोन लावला. तू काय, वाटच बघत होतास! चाळीस वर्षांत घरातल्या कुणी तुला असं आपणहून विचारलं होतं का?

पोरगी बोलली मात्र फार सुंदर. सुरुवातच केली की मी देव मानते, पण आज माझ्या वाट्याला आलेली बाजू मला इमानाने मांडायची आहे. मग तुझे एकेक मुद्दे. रस्ता अडवून घातलेले मांडव, सगळ्याच धर्मांचे भोंगे, सगळ्यांच्याच मिरवणुका. देवाला कान असते तर त्याने आधी हा स्पीकर बंद केला असता, हे वाक्य तर तुझंच. लोक हसले, टाळ्या पडल्या, संग्रामभाऊ स्वतः हसले. व्हिन्सेंट सर दरवर्षी परीक्षक म्हणून येतात, त्यांनी तिला पहिला नंबर दिला. आम्ही घरी येऊन आइस्क्रीम खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला. सुरुवात छाटलेली. चिठ्ठी नाही, स्पर्धा नाही, मी देव मानते हे वाक्य नाही. नुसती पिंकी, मागे बाप्पा, आणि देव नाही, देव नाही. विरारच्या सगळ्या ग्रुपांवर गेला, तिकडे नालासोपाऱ्यात जयवंतच्या मावशीच्या, म्हणजे माझ्या मावससासूच्या, मोबाइलवरही पोचला. खाली काय काय लिहिलंय ते मी तुला लिहू शकत नाही. सतरा वर्षांच्या पोरीबद्दल असं लिहितात, आणि वर देवाच्या नावाने लिहितात! परीक्षक कोण होता बघा, असंही कुणीतरी लिहिलं. सर बिचारे संध्याकाळी घरी आले. कुणीही विचारलं तर भाषण उत्तम होतं असंच सांगेन, म्हणाले. पण जाताना आधी जिन्यातून खाली डोकावले, मग उतरले.

आप्पा आठवतात मला. कणकवलीच्या घरी ऐन आरतीत तू विचारलंस, हा देव आहे तर याला पाण्यात का सोडता? माझी तर बोबडी वळली होती. आप्पा म्हणाले, आधी आरती होऊ दे, मग तुझ्याकडे बघतो. आणि जेवण झाल्यावर ओटीवर जी तुमची जुंपली, की ती ऐकायला शेजारचे लोक पान खात येऊन बसले. दरवर्षी तेच चालायचं. मी आप्पांच्या बाजूची, अजूनही आहे, मरेपर्यंत राहणार. तुझं बोलणं मला कधीच पटलं नाही आणि तू गणपतीला येईनासा झालास त्याचा रागही आहे. पण आप्पांनी तुला कधी माफी मागायला लावली नाही.

इथे लावतायत. संग्रामभाऊंचा निरोप आलाय की रविवारी संध्याकाळी आरतीच्या आधी पिंकीने स्टेजवर येऊन माईकवर माफी मागावी, त्याचाही व्हिडिओ काढतील, म्हणजे विषय मिटेल. बाहेरची पोरं मंडळावर दबाव आणतायत म्हणे, तेही घाबरलेत. जयवंत मंडळाचा खजिनदार. तो म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे, वाक आणि मोकळी हो, आपल्याला इथेच राहायचंय. मला त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते. रोज दाराची कडी तो दोनदोनदा बघतो.

मलाही वाटलं होतं, जाऊ दे, म्हणू दे एकदा सॉरी. पण आज सकाळी पिंकीने मला विचारलं, आई, मी माफी मागितली म्हणजे मी ते मनापासून बोलले असंच होईल ना? मग मी बाप्पासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? देव न मानणारी असती तर खोटं सॉरी म्हणून सुटलीही असती. ती मानते, म्हणून अडलीय.

आता का लिहिलं ते सांगते. तू काल फोनवर म्हणालास, रविवारी येतो, माईक घेतो आणि सांगतो की ते मुद्दे माझे. दादा, तसं करू नकोस. मग सगळे मामाने शिकवलं म्हणतील, आणि माझी पोरगी काय मानते हे कुणी विचारणारच नाही. रविवारी पिंकी खाली उतरणार नाही. तिचं नाव पुकारलं की मी स्टेजवर जाणार आहे. मी देव मानते, माझी मुलगी देव मानते, चिठ्ठी तुमच्याच ताटातली होती, माफी मिळणार नाही, एवढंच बोलणार आहे. जयवंतला अजून सांगितलेलं नाही. तो मंडळाच्या लोकांत उभा असेल आणि माझ्याकडे बघणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. चार बायकांत उखाणा घेतानाही मी अर्ध्यावर विसरते, तुला माहीत आहे. म्हणून तू ये. आरती म्हणू नकोस, हात जोडू नकोस, प्रसाद नको असेल तर तोही घेऊ नकोस. फक्त तोंड बंद ठेव आणि अगदी पुढे, मला दिसशील असा उभा राहा. बोलताना बघायला मला माझं एक माणूस हवंय रे.

तुझीच घाबरट,
सुमी