एक काठी मागे

निपाणी, गुरुवार, ता. १७ मार्च १९३८

चि. बंधू नेमिनाथ यास आक्काचे आशीर्वाद (या महिन्यापुरते थोडे कमी).

सोमवारी, ता. १४ रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी (तुमच्या शाळेच्या घड्याळात, ते सात मिनिटे मागे आहे, हे मी दिवाळीतच सांगितले होते) तू संकेश्वरच्या हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून ब्राह्मीच्या शिष्यवृत्तीच्या पेपरावर लाल शाईने शून्य काढलेस. तुझा गुडघा कसा आहे? जयाबाईंचा खोकला? मी ठणठणीत आहे. संतापाने माझी पचनशक्ती नेहमीच सुधारते.

गणित असे होते: तंबाखूची पहिली ओळ विहिरीपासून सात हातांवर, पुढची प्रत्येक ओळ चार-चार हातांवर; तर न-वी ओळ किती हातांवर? पोरीने लिहिले, ४न + ३. तू म्हणालास, पुस्तकात अ + (न − १)ड आहे, आणि तीन हातांवर ओळच नाही, तर तीन आणलेस कुठून? अरे, बापाच्या शेतातून आणले! तिचा बाप, शेजारचा रायाप्पा, रोपे लावताना चार हातांची काठी घेऊन पहिल्या ओळीवर नाही, तिच्या एक काठी मागे उभा राहतो. "मागं उभं ऱ्हायलं की जितकवी ओळ, तितक्या काठ्या. मोजायला सोपं जातंय, आक्का." तो उभा राहतो ती जागा म्हणजे तीन. तुझ्या पुस्तकाचा कंस सोड, तेच निघते. (सोडून बघ. मी थांबते.) बेळगावच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर मार्था पट्टी मारत, पण आधी उत्तर तपासून पाहत. मी एकतीस वर्षे शिकवले, रिटायर झाले, पण बरोबर उत्तराला शून्य दिल्याचे मला आठवत नाही.

या एका शून्याने ती दोन गुणांनी मागे पडली आहे. रायाप्पाने स्पष्ट सांगितले, "शिष्यवृत्ती गावली तर बेळगावला धाडतो, न्हाय तर वखारीत पानं निवडायला बसंल." आणि तुझी गुणांची यादी शनिवारी पाचला बेळगावला जाते. तेव्हा गुण दुरुस्त केल्याचे तुझ्या सहीचे लेखी उत्तर शनिवारी, ता. १९ रोजी, दुपारी बाराच्या आत माझ्या हाती हवे. नाहीतर साडेबाराच्या मोटारीने मी स्वतः येते, आणि मुक्कामाला येते.

तुझी,
चंदनाआक्का

ता. क. मंगळवारी मी तुला एक पोस्टकार्ड टाकले होते. (उघडे कार्ड. निपाणीच्या पोस्टमास्तरांनी ते वाचून माझे अभिनंदन केले.) त्यात तुला गाढव म्हणून विसाव्या ओळीचे उत्तर ८७ लिहिले आहे. ते कार्ड कुणा इन्स्पेक्टरच्या हाती पडण्याआधी उत्तरासोबत परत पाठव. गाढव राहू दे, ८७ खोड.

ता. क. दुसरा. मी रायाप्पाच्या शेतात जाऊन पहिल्या ओळीवर उभी राहून वीस काठ्या मोजल्या होत्या. ती एकविसावी ओळ निघाली. ब्राह्मी मागून आली आणि हळूच म्हणाली, "आक्का, त्र्याऐंशी. तुमची रीत बराबर हाय, फकस्त एक काठी मागं सरका." तिने मला शून्य दिले नाही, नेमिनाथ. मी मागे सरकले. आता तू सरक. बाराच्या आत.