घरटी एकच नारळ

मास्तर, समुद्राने ज्यांची माणसं नेली आणि हाडसुद्धा परत दिलं नाही, त्या तुम्हाआम्हा सगळ्यांची तक्रार एकच आहे: आपल्याला जाळायलाही काही मिळालं नाही. ही तक्रार फक्त तुमची होती तेव्हा मी तिच्यावर टाळ्या मिळवल्या. माझी झाली तेव्हा तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आलात.

शाळेत तुम्ही आम्हाला भूमिती शिकवायचात. फळ्यावर विमान काढून सांगायचात, की ते कितीही सरळ हाका, वारा त्याला बाजूला नेतोच. म्हणून नेम मुद्दाम थोडा चुकीचा धरायचा. दुसऱ्या महायुद्धात तुम्ही इंग्रजांच्या आरमाराच्या गस्तीच्या विमानात होतात. पुढे गोरा पायलट, मागे एक मलबारी वायरलेसवाला, आणि मध्ये नकाशा मांडीवर घेऊन दिशा मोजणारे तुम्ही. इंजिन बंद पडून विमान पाण्यात गेलं. एक रात्र आणि एक दिवस तरंगत राहून तुम्ही वाचलात, ते दोघे गेले. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला तुम्ही तीन नारळ सोडायचात, एक घरचा आणि दोन त्यांचे. तेही ठाऊक होतं, आणि कोणाची हरकत नव्हती.

हरकत मी घेतली. पंचावन्न साल होतं. गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रही गोळ्या झेलत होते आणि मी बावीस वर्षांचा, दिसेल ते पुस्तक वाचून पेटलेला. मानाचा नारळ पाण्यात गेला तसा मी पुळणीवर, वाळूत ओढून ठेवलेल्या होडीवर चढलो. "गोऱ्या साहेबाच्या नावाने आपल्या दर्याला नारळ? साहेबाची चाकरी अजून संपली नाही काय?" लोक हसू लागले. गर्दीतून कोणी ओरडला, "मास्तरांनू, सायब नारळ खातलो कसो? काट्याचमच्यान?"

तुम्ही चिडला नाहीत. होडीजवळ येऊन एवढंच म्हणालात, "बुडताना तो आवशीक हाक मारी होतो रे. माका तेवढा इंग्लिश कळता."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वक्त्याला उत्तर सुचतंच. "आणि आमच्या आयांनी कोणाला हाक मारायची?" मी विचारलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच संध्याकाळी गावकऱ्यांनी देवळात बसून ठरवलं: यापुढे घरटी एकच नारळ. पुढच्या वर्षी तुम्ही एकच घेऊन आलात, मागे उभे राहिलात, सोडलात आणि निघून गेलात.

आठ वर्षांनी माझा धाकटा भाऊ कौलं भरलेल्या मचव्यावर होता. मे अखेरच्या वादळात मचवा गेला. देवगडपासून खाली सगळे किनारे आम्ही पायी पाहिले. कौलांचे तुकडे मिळाले, माणूस नाही. पौर्णिमेच्या सकाळी आई चुलीसमोर बसलेली आहे, चूल पेटवलेली नाही, समोर एकच नारळ आहे. तो कोणाचा म्हणायचा, घराचा की मुलाचा, हे तिला ठरवता येत नाही. नियम माझ्या भाषणाने झालेला, म्हणून ती मला विचारतही नाही.

तेवढ्यात तुम्ही मागच्या दाराने आलात. पंचाखालून एक नारळ काढून तिच्यापुढे ठेवलात. "वयनी, ह्यो झिलाचो. कोण काय बोललो तर माझा नाव सांगा."

"आणि तुमचे दोन, मास्तर?" आईने विचारलं.

"ते ऱ्हवांदेत."

माझ्याकडे तुम्ही पाहिलंत. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत, प्यालात आणि गेलात.

आम्ही दोन नारळ सोडले. कोणी चकार शब्द काढला नाही. तुम्ही मागे होतात, तुमच्या हातात एक. त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो तर नियम तिथेच मोडला असता. माझं ऐकायची गावाला सवय होती. मी बोललो नाही. भावाचं दुःख आहे, आज नको, असं मनाला सांगितलं. पुढच्या वर्षी दुसरं काही सांगितलं. त्यानंतर तुम्हीच राहिला नाहीत.

गेली कित्येक वर्षं मी तुमच्यावर बोलतो, शाळेत, कट्टा गावच्या बाजारात, कुठेही. विमान सांगतो, समुद्रातली रात्र सांगतो, लोक डोळे पुसतात. होडीवर चढलेला तरुण कोण, ते मी कधीच सांगत नाही. आणि त्या दोघांची नावंही सांगत नाही, कारण मी ती कधी विचारलीच नाहीत. ज्यांच्याविरुद्ध गाव उठवलं, त्यांची नावं मला माहीत नाहीत.

मास्तर, यंदाच्या पौर्णिमेआधी मला त्यांची नावं सांगा.

तुम्ही कसे सांगणार? नावं तुमच्या वहीत आहेत. वही तुमच्या मुलीच्या ट्रंकेत आहे. "कधीय ये आणि बघ," असं ती मला दोनदा म्हणाली. तिचं घर आमच्या कुंपणापलीकडे आहे. मी अजून गेलेलो नाही. नावं कळली की ती पुळणीवर मोठ्याने घ्यावी लागतील, आणि मला त्याची भीती वाटते.