पाचवीचे सर पहिलीत

१७ जून
नव्या मुख्याध्यापिका वाघ मॅडमनी वर्गवाटप वाचून दाखवलं. मला पहिली. बारा वर्षं याच शाळेत पाचवी शिष्यवृत्तीला बसवली, ऑफिसच्या भिंतीवर फोटो आहेत ते माझ्याच पोरांचे, आणि मला पहिली. पाचवी गायकवाडला. त्याच्या नोकरीला अजून चार वर्षं झाली नाहीत.

विचारलं, माझं काही चुकलं का. म्हणाल्या, "नाही सर. सगळ्यात चांगला शिक्षक पहिलीला पाहिजे, एवढंच." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वयाने माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान.

अंबडला घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं, घरातली गाइडं तरी कमी होतील."

२६ जून
एकवीस पोरं. तिघं रडतात, एक जण रोज घरी पळतो. पाचवीत मी नुसतं बघितलं तरी वर्ग गप्प व्हायचा. इथे बघितलं की चौथंही रडायला लागतं.

फळ्यावर 'क' काढला. सगळे ओरडले, "कमळ". 'कप' लिहिलं, तर "कमळ पतंग". हसू आलं, पण क्षणभरच. इथून पुढे कसं न्यायचं मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. माझ्याकडे पोरं नेहमी वाचता येणारीच आली, किंवा तसं मी धरून चाललो. हे इथेच लिहितो, शाळेत बोलायची सोय नाही.

११ जुलै
मॅडम पूर्ण तास मागे बसल्या. हातात वर्गाच्या नावांचा कागद. मी ज्याच्याशी बोललो त्याच्या नावापुढे रेघ. सुटल्यावर कागद माझ्या हातात दिला. पाच नावांपुढे रेघाच रेघा, सोळा नावं कोरी. साक्षी, खिडकीपाशी बसते ती, मेंढरंवाल्यांची, तीही कोरी.

डोकं फिरलं. म्हणालो, "मॅडम, माझी तपासणी करून मोठमोठे साहेब गेले." त्या म्हणाल्या, "मग उद्या तुम्ही माझ्या वर्गात बसा. अशाच रेघा मारा." दुसरी त्या स्वतःच घेतात.

१२ जुलै
बसलो. त्यांचीही चार नावं कोरी निघाली. कागद दिला तेव्हा मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू. त्यांनी नावं वाचली, आणि मधल्या सुट्टीनंतर त्याच चौघांपासून सुरुवात केली. रागाला काही जागाच ठेवली नाही बाईने.

८ ऑगस्ट
आता दर शनिवारी सगळेच एकमेकांच्या वर्गात बसतो. आज गायकवाडला विचारलं, अक्षर कसं शिकवतोस रे. विचारायला दोन आठवडे लागले. तो मागच्या वर्षापर्यंत पहिलीला होता. म्हणाला, "सर, जल्दी करू नका. पोराच्या नावातलं अक्षर आधी घ्या. ते त्याच्या मालकीचं असतं, इसरत न्हाई."
त्याला मी पाचवीचे अपूर्णांक कसे शिकवायचे ते सांगितलं. फिट्टंफाट.

२२ सप्टेंबर
साक्षीने 'सारस' वाचलं. मी शिकवलेलं नव्हतं ते. 'सा' तिचाच, 'र' शेजारच्या राजूचा, आणि शेवटचा 'स' मघाच्या 'सा'चा काना काढून. दोनदा वाचायला लावलं. भिंतीवर फोटो लागला तेव्हा असं झालं नव्हतं मला. काय झालं तेही नीट लिहिता येत नाही.

१४ नोव्हेंबर
साक्षीची मोठी बहीण कोमल तिला न्यायला येते. गेल्या वर्षी माझ्याच पाचवीत होती, आता हायस्कूलला सहावीत. दारात उभी राहते. आज पाहिलं, लहान पोरं शब्दपट्ट्या वाचत होती तर हिचेही ओठ हलत होते. एक पट्टी पुढे केली, "तू वाच बरं." म्हणाली, "तहान लागली सर." नळाकडे गेली ती आलीच नाही.

१७ नोव्हेंबर
कोमलला एकटीला बसवलं. पहिलीच्याच पट्ट्या. तिसऱ्या शब्दाला अडकली.

तिच्या गेल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात माझ्या हातचं आहे: वाचन समाधानकारक.

"मला का नाही सांगितलंस?"
"तुम्ही इचारलंच न्हाई सर. तुम्ही त्या शिष्यवृत्तीवाल्या पोरांचे पेपर घ्यायचे, तव्हा मला पाणी भराया धाडायचे. माझं काम बराबर असतंय म्हणायचे."
तक्रार नव्हती त्यात. उलट थोडा अभिमानच होता. मला तिच्याकडे बघवेना.

१८ नोव्हेंबर
मॅडमना सांगितलं. वाटलं बोलतील. "आता काय करायचं सर?" एवढंच विचारलं.
ठरलं: कोमल रोज अर्धा तास लवकर येणार. बहिणीला न्यायला, असंच सगळ्यांना दिसायला पाहिजे. सहावीतल्या पोरीला कोणी हसायला नको.

२ मार्च
शाळा समितीचे अध्यक्ष आले होते. "सर, औंदा एक बी फोटो लागंल असं दिसंना भिंतीवर. लोकं इचारून राह्यले. पुढल्या साली पाचवी तुम्हीच घ्या." मॅडम म्हणाल्या, सरांनी ठरवावं, मी अडवणार नाही. वर्गमागणीचा फॉर्म दिला.

पाचवी पाहिजे मला. रोज पाहिजे वाटते. गावात मान होता, चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नव्हतं. पहिलीच्या सरांना कोण विचारतो.

१८ मार्च
कोमलने अर्धं पान वाचलं. जोडाक्षराला थांबली, मी तोंड उघडलं तर हात वर केला, आणि स्वतःच पुढे गेली. शाब्बास म्हणालो. तिचं लक्ष नव्हतं.
"सर, आमच्या बाकावर अजून दोघी व्हत्या. त्यांन्ला बी येत न्हाई. घिऊन येऊ का?"
आण म्हटलं. नावं विचारली, तिने सांगितली. वर्षभर माझ्यासमोर बसलेल्या पोरी. चेहरे आठवेनात.
फॉर्म उद्या सकाळी द्यायचा आहे. अजून काही लिहिलेलं नाही.