हॅजच्या पुढे तिसरं रूप

छोटे,

आईला पुन्हा धाप लागलीय. अँब्युलन्स खाली उभी आहे, मी तिच्याबरोबर जातेय. काल इंग्रजीत अडलीस तेवढं सांगते. ही, शी, इटला हॅज, बाकी सगळ्यांना हॅव, आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. 'शी हॅज गॉन' म्हणजे ती गेलीय, अजून आलेली नाही. जाऊन परत आली असेल तर 'शी हॅज बीन देअर'. वाक्यात यस्टरडे दिसलं की मात्र हॅज घालायचं नाही.

आई म्हणाली, "पेपर होईपर्यंत तिला काही कळू देऊ नकोस." पण या वेळी तिचे ओठ निळे पडलेत, म्हणून लिहितेय. आधी पेपर की आधी हॉस्पिटल, तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुला बोलणार नाही.

ताई