शपथ खुनाला लागू नाही

तथागताला वंदन करून मी, धम्मपाल भिवा गमरे, वय एकाहत्तर, धंदा लेथमशीनचा कारखाना, राहणार चिंचपोकळी, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. फुफ्फुसे थकली आहेत, डोके थकलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी दडपण आणायचा प्रयत्न केला त्यांचे काय झाले ते पुढे येईल. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. चाळीच्या जागी आम्ही रहिवाशांनी स्वतः उभारलेल्या इमारतीतले माझे घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी प्रिती हिला मिळावी. तिने तिथे राहावे, नाहीतर विकावे. नातेवाइकांनी तिला सल्ला देऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. कारखान्याचा गाळा, दोन्ही लेथ आणि सगळी हत्यारे बहिणीचा मुलगा गौतम यास द्यावीत. खिडकीजवळचा, लोखंड आवळून धरायचा मोठा वाईस मात्र कोणालाच देत नाही. तो गॅसकटरने कापून त्याचे तुकडे करावेत. त्याचे कारण प्रितीला माहीत आहे. गौतमलाही कळावे म्हणून लिहितो.

अविनाश तोरसकर आणि मी एकाच दिवशी फ्रीमेसन झालो. एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या, शपथेने बांधलेल्या माणसांची ही जुनी संघटना. तिच्या शाखेला लॉज म्हणतात. आम्हा दोघांना तिथे नेले लालबागच्या कुशाबा राणे यांनी. ते तेव्हा बँकेत अधिकारी होते. तिन्ही डिग्र्या, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या, तोरसकरने आणि मी बरोबरच घेतल्या. पुढे तो बिल्डर झाला आणि त्याची नजर आमच्या चाळीवर पडली. रहिवासी संघाचा अध्यक्ष मी होतो. माझी सही झाली की बाकीच्यांच्या मिळणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"बंधू ना आपण? मग कर की सही," तो म्हणाला.

"बंधू लॉजमध्ये. इथे तू बिल्डर आणि मी भाडेकरू," मी म्हणालो.

मग एके दिवशी भर दुपारी तीन माणसे कारखान्यात शिरली. त्यांनी शटर ओढले, माझा उजवा हात त्या वाईसमध्ये घातला आणि दांडा फिरवला. सहीला मी नाही म्हणालो. त्यांनी आणखी फिरवला. स्वतःच्या बोटांची हाडे मोडताना माणसाला ऐकू येतात.

"काका, डाव्या हाताने जमेल काय सही?" एकाने विचारले आणि तो हसला.

माझी बायको शांता डबा घेऊन मागच्या दाराने आली. ती ओरडली नाही. बाकावरचा मोठा पाना उचलून तिने त्या हसणाऱ्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दात फरशीवर पडले. दुसऱ्याने तिच्या डोक्यात रॉड घातला. ती पडली, तरी घातला. मी वाईसला अडकलेला. हात मनगटापासून उपटून निघावा म्हणून मी जोर लावला, पण निघाला नाही. तिचे रक्त लेथखालच्या लोखंडाच्या किसात मुरत गेले. शेजाऱ्यांनी शटर उचलले तेव्हा शांता संपली होती.

३. हात प्लास्टरमध्ये असतानाच मी लॉजच्या सभेला गेलो. पिशवीत हातोडा होता. तोरसकर सभेत बांधायचा लॉजचा ऍप्रन बांधून आलेला. शांताच्या श्रद्धांजलीचा ठराव तोच मांडणार होता. उघडी तलवार घेऊन दारावर पहारा द्यायचे काम कुशाबांकडे होते. आमच्यात नियम असा, की ज्या दोघांत वैर आहे त्यांनी एकत्र आत जायचे नाही, आधी बाहेर मिटवायचे. कुशाबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितले आणि तोरसकरला बाजूच्या खोलीत बोलावले. स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले.

"तू पाठवलेस ते?" मी विचारले.

"नुसतं घाबरवा म्हटलेलं रे. वहिनी मध्ये कशाला आल्या?"

पहिला घाव मी डाव्या हाताने त्याच्या जबड्यावर घातला, दुसरा खांद्यावर. तो खाली कोसळला. तिसरा टाळक्यात घालणार, तोच कुशाबांची तलवार माझ्या छातीला टेकली.

"धम्मपाल, हा मेला तर त्या तिघांची नावं कोण सांगणार? ते सुटतील. ठेव खाली. मी सगळं ऐकलंय."

मी हातोडा खाली ठेवला.

लॉजमधल्या काहींनी कुशाबांना बजावले, बंधूचे गुपित राखायची शपथ घेतली आहेत, कोर्टात तोंड उघडू नका. त्यांच्या खिडकीवर दगड आले. एकदा पेटता बोळा आला, पडदे जळाले. तरी ते साक्षीला उभे राहिले. तोरसकरच्या वकिलाने शपथेची आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "शपथ खुनाला लागू नाही." चौघांना जन्मठेप झाली. फोडलेल्या जबड्यासाठी मलाही सजा झाली, ती मी भोगली. लॉजने मला काढले आणि सुटल्यावर मतदान घेऊन परत घेतले.

४. गौतम, माझा ऍप्रन आणि लॉजची पुस्तके तुला. नुकतीच तुझी पहिली डिग्री झाली आणि परवा विचारलेस, "मामा, तिसरी कधी मिळणार?" घाई करू नकोस. पहिल्या डिग्रीत गप्प बसायला शीक. विधीचे पाठांतर माणसासमोर बसून कर, मोबाईलवर नको. धंद्याची कार्डे वाटू नकोस. तोरसकरने पहिल्याच दिवशी वाटली होती. दुसऱ्या डिग्रीत गुण्या आणि ओळंबा दाखवतील. रोज हाताळतोस म्हणून हसू नकोस, अर्थ विचार. न कळल्यास पुन्हा विचार, म्हातारे चिडले तरी. तिसरीबद्दल आधी कोणाकडून काही ऐकू नकोस. त्यात मरणाची गोष्ट आहे, एवढेच सांगतो. मला ती तेव्हा नाटक वाटली होती. शांताला जाळून आलो आणि मग समजली. प्रत्येक वेळी गुडघा टेकण्यापूर्वी शपथेत काय येते आणि काय येत नाही ते नीट ऐक. कोणी बंधू रक्त झाकायला सांगेल तर ऍप्रन न सोडता पोलीस ठाणे गाठ.

५. माझ्या अंत्ययात्रेत भाषणे नकोत. जे कुशाबांना गप्प बसा म्हणाले त्यांनी खांदा द्यायला येऊ नये. आलेच तर प्रितीने त्यांना सर्वांदेखत हाकलावे.

६. तोरसकरचा मुलगा वैभव याने लॉजमध्ये यायला अर्ज केला आहे. मतदान गोट्यांनी होते, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. मी काळी टाकायचे ठरवले होते. गेल्या आठवड्यात तो घरी आला. मी त्याला बस म्हणालो नाही.

"बंधूने खून लपवायला सांगितला तर काय करशील?" मी विचारले.

"पोलिसांत जाईन."

"आणि बापाने सांगितला तर?"

तो म्हणाला, "सांगितलं होतं, काका. गाडीतला रॉड खाडीत टाक म्हणाले. मी तो कुशाबाकाकांच्या हातात नेऊन दिला."

तो रॉड कुशाबांनी पोलिसांना दिला हे कोर्टात आले होते. कोणी आणून दिला ते त्यांनी सांगितले नव्हते, उलटतपासणीत न्यायाधीश रागावले तरी. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पोराने नाव घेऊ नका म्हटलेलं. बाप होता तो त्याचा."

मी वैभवला बसायला सांगितले आणि प्रितीने चहा केला. मतदानापर्यंत मी टिकेन असे वाटत नाही. गौतम, तुझी गोटी पांढरी पडावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यादेखत स्वतःच्या सह्या केल्या.

सही : धम्मपाल भिवा गमरे

साक्षीदार :
१. कुशाबा विठोबा राणे, लालबाग
२. डॉ. मेघना सावंत, प्रभादेवी (तपासून पाहिले, मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीत आहेत)

ठिकाण : चिंचपोकळी, मुंबई
दिनांक : १२ ऑगस्ट २०२४