आमच्या गल्लीच्या गणपतीची सोंड

पाटण

तीर्थस्वरूप थोरल्या काकांना प्रजिताचा वाकून नमस्कार. (तुमच्या गुडघ्यांना वेगळा.) पोखऱ्याची हवा मानवते ना? वहिनी उडदाचे वडे नीट तळते की अजून करपवते? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे माझं थोबाड दिसेपर्यंत.

झालं असं, की एम.ए.च्या प्रबंधासाठी डंगोल सरांनी फर्मावलं, आपापल्या गल्लीतली एक जुनी मूर्ती निवडा, तिची पुटं काढा, मूळ रूप शोधा. बाकीची पोरं टेकड्या चढत सुटली. मी म्हटलं, आपला गणपती दाराशीच बसलाय, चपला कशाला झिजवा? बसले ब्रश घेऊन. काका, काय तो शेंदूर, काय ते तेल, काय ते तांदळाचं पीठ! पणजोबांनी लावलेलंही निघालं असेल. खरवडतेय, खरवडतेय, आणि सोंड काही येईना! पोट येईना! आली ती आयाळ. मग दात. अहो, आपला गणपती सिंह निघाला! कुठल्यातरी देवळाच्या दारावरचा राखणदार!

सर तर भर गल्लीत नाचले. (खोटं नाही, छत्रीसकट.) पण शेजारच्या संजिलाचं लग्न मंगळवारी, आणि गणपतीला शेंदराचा टिका लावल्याशिवाय आपल्याकडे नवरी उंबरा ओलांडते का? तिची आई माझ्या नावानं बोटं मोडतेय. चिनीमाया आजी म्हणाली, "सोंड नव्हती तरी कामं करत होता ना गं बिचारा? उघडा पाडलास मेला थंडीत! झाक त्याला!" आणि सरांचा दम असा, की मंगळवारी बाहेरचे परीक्षक येणार, तोवर शेंदराचा कण जरी लागला तरी नापास. लग्न मोडलं तर गल्ली मला जगू देणार नाही, आणि वर्ष बुडालं तर आई. रडू येतं हो, आणि रडताना सिंहाचं तोंड आठवून हसू फुटतं.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
प्रजिता

ता.क. खरं काम हे, की उघड्या पडलेल्या देवाला पहिला शेंदूर त्याची पूजाअर्चा सांभाळणाऱ्या आपल्या गुठीतल्या सगळ्यात थोरल्यानंच लावायचा, आणि ते तुम्ही. मंगळवारी परीक्षक यायच्या आत या आणि लावून टाका. मी लावला तर सर मला नापास करतील, तुम्हाला काय करणार?

आणखी ता.क. पत्र पेटीत टाकायला निघाले होते. वाटेत म्हटलं, देवाला सांगून जावं, "तुम्ही जे कुणी असाल ते, मला पास करा." जाऊन बघते तर सिंहाच्या कपाळावर बोटभर ताजा शेंदूर, समोर शकुनाचं एक उकडलेलं अंडं, आणि डंगोल सर घाईघाईनं चपला घालतायत. त्यांच्या मुलाची आज नोकरीची मुलाखत आहे म्हणे. तुम्ही याच, काका. त्यांनी लावलेला पुसून पहिला तुम्ही लावा. सर काही बोलणार नाहीत.