खंडेनवमीला घेतलेली लेथ

मी, महेश्वर शिवपुत्र उंबरजे, वय बाहत्तर, धंदा टर्नर (लेथवर लोखंड कातणे), राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची आशा सोडली असली, तरी डोक्याविषयी त्यांची काही तक्रार नाही.

१. राहते घर पत्नी मालती हिच्या हयातीत तिचे. तिच्यामागे मुलगा शिवू व मुलगी निवेदिता यांचे समान. शिवूने विकण्याची घाई करू नये. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे.

२. अक्कलकोट रोडवरील वर्कशॉप, हत्यारांसह, निवेदिताला. आजही तीच ते चालवते. पोरीच्या हाती मशीन कसे दिले, असे विचारणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजावा, उत्तर देऊ नये.

३. जुनी लेथ भंगारात घालावी. चालती म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. आपण भोगले तेवढे पुरे. ती मी व धाकटा भाऊ गुरप्पा यांनी भागीत, वैरागच्या एका बंद कारखान्यातून, खंडेनवमीला घेतली. तिला हार घातलेला, हळदकुंकू वाहिलेले. मी म्हणालो, चालवून बघू. गुरप्पा म्हणाला, "आज मशीन चालू करत न्हाईत, अण्णा. पूजा झालीया की." विकणाऱ्याने मान डोलावली. त्याला दुसरे काय हवे होते?

दसऱ्यानंतर पहिला शाफ्ट कापला, तो एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. नव्या रंगाखाली बेड, म्हणजे ज्यावर हत्यार सरकते तो पाया, झिजलेला. घासून घासून मी तो जमेल तितका सरळ केला, पण बारीक मापाची कामे सोडावीच लागली. मी बोललो, तोही बोलला, आणि भागी मोडून तो दुधनीला गेला. त्याला मी माफ केलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. त्याची आठवण मात्र रोज येते, हेही खरे आहे.

४. बँकेतील ठेव निवेदिताने बारीक मापाची लेथ घेण्यासाठी. मी नवी घे म्हणतो. ती म्हणते, "आप्पा, तेवढ्या पैशात चांगल्या कंपनीची जुनी येते की." निर्णय तिचा. जुनी घेतल्यास आपली सळई घेऊन जावे, मशीन तापेपर्यंत चालवावी, सळई कापून दोन्ही टोके मोजावीत.

मशीन नवी असो वा जुनी, बघायला गुरप्पाला न्यावे. बेअरिंगचा आवाज त्याच्याइतका कळणारा माणूस मी पाहिला नाही. त्या दिवशी मशीनच बंद, तिथे त्याचा कान काय करणार? तो होय म्हणेपर्यंत ठेव मोडू नये. निवेदिता चिडेल. चिडू दे. काकाला आणायला दुधनीला जाईल, असे घरात तिच्याशिवाय कोणी नाही.

वरील मजकूर वाचून पाहिला, पटला, म्हणून दोघांसमक्ष सही केली.

महेश्वर शिवपुत्र उंबरजे

साक्षीदार:
कासीम नदाफ, शेजारचे वेल्डर
वैजयंती कोरे, वकील

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५